मृतांसाठी प्रार्थना आणि शास्त्राचा आधार

‘शुद्धिस्थान बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा,’ असे कॅथलिक माणसाला आयुष्यात एकदा तरी कोणीतरी विचारतेच. विचारणारा कधी प्रॉटेस्टंट मित्र असतो, कधी सोयरिकीतून जोडलेला नातेवाईक, तर कधी अलीकडे प्रार्थनासभांना जाऊ लागलेला घरातलाच कोणी. दर नोव्हेंबरात वसईपासून गोव्यापर्यंत जो माणूस आपल्या गेलेल्यांच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो, मिस्सेसाठी त्यांची नावे देतो, तो या प्रश्नापुढे गडबडतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले एखादे वचन आठवते, तेही अर्धवट. मग ‘आमचे फादर तसे सांगतात’ एवढ्यावर बोलणे थांबते, नाहीतर आवाज चढतात. हे पुस्तक त्या गडबडलेल्या माणसासाठी लिहिले आहे, आणि तितक्याच आपुलकीने प्रश्न विचारणाऱ्यासाठीही. दोघांना माझी विनंती एकच आहे. एखादे वचन समोरच्यावर फेकण्याआधी ते ज्या पानावर आहे ते पान सबंध वाचावे.

मी स्वतः कॅथलिक आहे. मृतांसाठी प्रार्थना करतो, आणि ती सोडून द्यावी असे कारण मला शास्त्रात सापडलेले नाही. पण आमच्या बाजूने नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या काही वचनांवर जेवढे ओझे टाकले जाते तेवढे त्यांना पेलत नाही, असेही माझे मत झाले आहे. ते झाकून ठेवून हा विषय मांडता येणार नाही.

आधी चर्चची शिकवण नेमकी काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण निम्मे वाद ती न पाहताच होतात. अधिकृत शिकवण आश्चर्य वाटावे इतकी थोडकी आहे. देवाच्या कृपेत मरण पावलेला, पण पुरता शुद्ध न झालेला माणूस तारला जाणार हे निश्चित असते. देवाच्या दर्शनाआधी त्याचे शुद्धीकरण होते. आणि पृथ्वीवरच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्सेच्या बलिदानाचा, त्याला उपयोग होतो. १२७४ साली ल्योंच्या, १४३९ साली फ्लॉरेन्सच्या आणि १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने जे सांगितले त्याचा गाभा एवढाच. ती जागा कुठे आहे, तिथे खरोखरची आग आहे का, किती काळ राहावे लागते, यांपैकी एकाही प्रश्नाचा निकाल या ठरावांत लावलेला नाही. ट्रेंटने तर बिशपांना बजावले की अवघड आणि बारकाव्याचे प्रश्न साध्यासुध्या लोकांपुढच्या प्रवचनांत आणू नयेत, आणि जिथे नुसते कुतूहल, अंधश्रद्धा किंवा पैशाचा लोभ दिसेल तिथे ते प्रकार बंद करावेत.

लोकांच्या मनातले शुद्धिस्थान याहून फार वेगळे आहे. त्यात डांटेच्या महाकाव्यातला डोंगर आहे, चित्रांतले ज्वाळांमध्ये हात जोडून उभे असलेले आत्मे आहेत, आणि जुन्या प्रार्थना-पुस्तकांत प्रत्येक प्रार्थनेखाली छापलेला दिवसांचा आणि वर्षांचा माफीचा हिशेबही आहे. ते आकडे मुळात प्राचीन चर्चमधल्या प्रायश्चित्ताच्या मुदतीचे होते, परलोकातल्या मुक्कामाचे नव्हते. पण वाचणाऱ्याने ते तसेच वाचले, आणि त्याला दोष देता येत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली हे आकडे काढूनच टाकले. ४ ऑगस्ट १९९९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले की शुद्धिस्थान म्हणजे एखादी जागा समजू नये, ती अस्तित्वाची एक अवस्था आहे. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली आशेवरील परिपत्रकात काही ईशज्ञांचा विचार आपुलकीने मांडला: जाळणारी आणि तारणारी ती आग म्हणजे स्वतः ख्रिस्तच, आणि त्याच्या भेटीचा तो क्षण आपल्या घड्याळाने मोजता येत नाही. तेव्हा शास्त्रात आधार शोधायचा तो या शिकवणुकीला. डोंगराला, ज्वाळांना किंवा आकड्यांना आधार शोधायला गेलो तर हाती काही लागणार नाही, आणि न लागण्याचे दुःखही मानू नये.

आता सर्वांत महत्त्वाच्या उताऱ्याकडे येतो. तो दुसऱ्या मक्काबी ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सेल्युकिद राजांच्या जुलमाविरुद्ध यहुद्यांनी उठाव केला, त्याचा सेनापती यहूदा मक्काबी. इदूमियाचा सेनाधिकारी गॉर्गियस याच्याशी झालेल्या लढाईत यहूदाचे काही लोक पडतात. सैन्य अदुल्लाम नगरात येते, शुद्धीचे विधी करते, शब्बाथ पाळते. मग पडलेल्यांची प्रेते उचलून आणण्यासाठी, त्यांना त्यांच्या वाडवडिलांच्या कबरीत ठेवण्यासाठी माणसे निघतात. आणि प्रत्येक मृताच्या अंगरख्याखाली यामनियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. नियमशास्त्राने जे सक्त निषिद्ध, तेच या माणसांनी अंगाशी बाळगले होते. देवाच्या नावाने लढायला निघालेले हे लोक लढाईत जपणूक व्हावी म्हणून परक्या दैवताचा ताईत बांधून गेले होते. ते का पडले, हे पाहणाऱ्यांना लगेच कळून चुकते.

इथून पुढे जे घडते त्यासाठी हा उतारा हळू वाचायला हवा. कोणी त्या प्रेतांना तिथेच टाकून जात नाही. सगळे जण देवाचा न्याय मान्य करतात, आणि मग हे पाप पुरते पुसले जावे म्हणून प्रार्थनेला लागतात. यहूदा जिवंतांना सांगतो की डोळ्यांनी पाहिलेत ना, आता तरी पापापासून दूर राहा. नंतर तो माणशी वर्गणी गोळा करतो. चांदीच्या दोन हजार द्राखमा जमतात. लॅटिन पाठात हाच आकडा बारा हजार झाला आहे. ती रक्कम पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली जाते. आणि ग्रंथकार, जो एरवी इतिहास सांगण्यात गुंतलेला असतो, तो इथे थांबून स्वतःचे मत देतो. पडलेले पुन्हा उठतील अशी यहूदाला आशा नसती तर मृतांसाठी प्रार्थना करणे व्यर्थ आणि वेडेपणाचे ठरले असते. त्याने पुनरुत्थानाचा विचार करून हे केले, आणि ते चांगले केले, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे.

या उताऱ्यात काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही सांगतो. मृतांसाठी प्रार्थना त्यात आहे. त्यांच्या पापासाठी अर्पण आहे. जिवंतांच्या कृतीचा मृतांना उपयोग होतो हा विश्वास आहे, आणि ग्रंथकाराची उघड शाबासकी आहे. शुद्धीकरणाची मधली अवस्था मात्र शब्दांत कुठेही सांगितलेली नाही. ग्रंथकाराची नजर पुनरुत्थानावर आहे. शिवाय एक अडचण आम्हा कॅथलिकांना सोडवावी लागते. मूर्तीचा ताईत बांधणे हे आमच्या व्याख्येने प्राणघातक पाप, आणि शुद्धिस्थान हे प्राणघातक पापात मेलेल्यांसाठी नाहीच. यावर आमचे भाष्यकार ग्रंथकाराच्याच एका उद्गाराकडे बोट दाखवतात. धार्मिकतेत निजलेल्यांसाठी उत्तम बक्षीस राखून ठेवले आहे, असे तो म्हणतो. म्हणजे हे सैनिक धर्मासाठी लढताना मेले आणि त्यांच्या अंतःकरणाचा निवाडा यहूदाने देवावर सोडला. मला हे उत्तर पटते, पण ते भाष्यकाराचे उत्तर आहे, ग्रंथातले नाही, एवढे भान असावे.

यहूदाची ही कृती यहुदी परंपरेत एकाकी पडलेली नाही. तल्मुदातल्या रोश हशाना या भागात पहिल्या शतकातल्या दोन पंथांचा एक वाद नोंदलेला आहे. न्यायाच्या दिवशी माणसांचे तीन गट होतील: पुरते नीतिमान, पुरते दुष्ट आणि मधले. मधल्यांविषयी शम्माईचे अनुयायी म्हणतात की ते गेहिन्नोमात उतरतील, आक्रोश करतील आणि वर येतील. त्यासाठी ते जखऱ्या संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायातले चांदी गाळण्याचे आणि सोने पारखण्याचे वचन देतात. हिल्लेलचे अनुयायी म्हणतात, देव दयेच्या बाजूला पारडे झुकवील. मिश्नामध्ये गेहिन्नोमातल्या दुष्टांच्या शिक्षेची मुदत बारा महिने सांगितली आहे. आजही यहुदी मुलगा आईवडिलांसाठी कद्दीश म्हणतो तो बहुतेक समाजांत अकरा महिने. पूर्ण बारा महिने म्हटला तर आपण आपल्या आईबापाला दुष्टांत मोजल्यासारखे होईल. या प्रथेतले प्रेम मला फार जवळचे वाटते. तल्मुदाचे संकलन येशूनंतर काही शतकांनी झाले, म्हणून या उताऱ्यावरून येशूचे मत ठरवता येणार नाही. पण ज्या समाजात येशू आणि पौल वाढले त्या समाजाला मरणानंतरच्या शुद्धीची कल्पना परकी नव्हती, इतके म्हणायला हरकत नाही.

मग प्रश्न उरतो तो मक्काबी ग्रंथ शास्त्र आहे की नाही, हा. मराठी वाचकाच्या हाती बहुधा जे बायबल पडते त्यात ६६ पुस्तके असतात आणि मक्काबी त्यांत नसतो. त्यामागे एक साधा व्यावहारिक इतिहास आहे. ल्यूथरने १५३४ सालच्या आपल्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके काढून टाकली नव्हती, जुना करार संपल्यावर वेगळ्या विभागात छापली होती. १६११ सालच्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. १८२६ साली लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा पुस्तकांच्या छपाईला पैसा न देण्याचे ठरवले, आणि मिशनऱ्यांच्या कामातून देशोदेशी जी बायबले गेली त्यांतून ही पुस्तके गळाली. आपल्याकडे मराठी बायबलची परंपरा प्रामुख्याने त्याच वाटेने वाढली. म्हणून ‘बायबलमध्ये दाखवा’ असे म्हणणारा आणि ‘मक्काबीमध्ये आहे’ असे सांगणारा, दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांच्या हातातले पुस्तक निराळे असते.

या बाबतीत दोन्हीकडून एकेक सोपा आरोप होतो, आणि दोन्ही खोटे आहेत. ल्यूथरला शुद्धिस्थान नको होते म्हणून त्याने मक्काबी बाजूला सारला, असे आमचे लोक म्हणतात. पण हिब्रू यादीत नसलेल्या पुस्तकांवर सिद्धांत उभारू नये असे मत जेरोमने ल्यूथरच्या अकराशे वर्षे आधी मांडले होते. आणि १५१९ साली लाइपझिगच्या वादसभेत कॅथलिक ईशज्ञ योहान एक याच्यासमोर ल्यूथरने मक्काबीचे प्रमाण नाकारले तेव्हा शुद्धिस्थानावर त्याचा स्वतःचा विश्वास अजून शाबूत होता. उलट बाजूचे म्हणतात की रोमने १५४६ साली ट्रेंटमध्ये ही पुस्तके सोयीसाठी बायबलमध्ये घुसडली. पण ३९७ सालच्या कार्थेजच्या धर्मसभेच्या यादीत मक्काबीचे दोन ग्रंथ आहेत, आणि संत ऑगस्टीनच्या यादीतही आहेत. प्राचीन चर्चमध्ये या पुस्तकांविषयी खरोखर दोन मते होती. वाचन आणि उपासना यांत ती सर्रास वापरली जात, आणि काही विद्वानांना त्यांच्याविषयी शंका होती. जो मक्काबीला शास्त्र मानत नाही त्यानेही हे पान इतिहास म्हणून वाचावे. येशूच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षे धर्मनिष्ठ यहुदी मृतांच्या पापांसाठी प्रार्थना करीत आणि मंदिरात अर्पण पाठवीत, हे त्यावरून दिसते. येशूने आपल्या काळातल्या अनेक प्रथांवर कोरडे ओढले. या प्रथेविरुद्ध त्याचा एक शब्दही शुभवर्तमानांत नाही. मौनावरून फार काही सिद्ध होत नाही हे खरे, तरी ते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नव्या करारातली वचने आता पाहू. मत्तयच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाची क्षमा या युगात नाही आणि येणाऱ्या युगातही नाही. पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस यावरून अनुमान काढले की काही पापांची क्षमा येणाऱ्या युगात होत असली पाहिजे. मार्कने हाच प्रसंग सांगताना नुसते ‘कधीच नाही’ अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत. मत्तयचा भर त्याच गोष्टीवर असावा. ग्रेगरींविषयी मला अपार आदर आहे, पण हे वचन वादात पुढे करू नये असे मी म्हणेन. पाचव्या अध्यायातल्या कैद्याला शेवटची दमडी फेडेपर्यंत सुटका नाही, तेही तसेच. तेर्तुलियनने त्यात मरणानंतरचा तुरुंग पाहिला, पण येशू तिथे भावाशी वेळीच समेट करायला सांगत आहे आणि त्याचा जोर त्यावरच आहे.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय मात्र असा झटकून टाकता येत नाही. करिंथच्या मंडळीत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोचा. पौल सांगतो की आम्ही दोघे नोकर; मी पाया घातला, दुसरा त्यावर बांधतो आहे, आणि पाया तर येशू ख्रिस्त आहे. त्या पायावर कोणी सोने, रुपे, मोलवान पाषाण वापरून बांधील, कोणी लाकूड, गवत, पेंढा वापरील. न्यायाचा दिवस अग्नीसह येईल आणि प्रत्येकाचे काम कसे आहे याची परीक्षा करील. ज्याचे काम टिकेल त्याला मजुरी मिळेल. ज्याचे जळेल त्याचे नुकसान होईल, तो स्वतः तारला जाईल, पण जणू आगीतून निघाल्यासारखा.

अध्याय सुरुवातीपासून वाचला की तीन गोष्टी दिसतात. विषय मंडळी उभारणाऱ्या सेवकांचा आहे, सरसकट सगळ्या श्रद्धावंतांचा नाही. प्रसंग न्यायाच्या दिवसाचा आहे, मृत्यू आणि न्याय यांच्यामधल्या काळाचा नाही. आणि अग्नी इथे कामाची पारख करतो. तो माणसाला धुऊन काढतो असे पौलाने म्हटलेले नाही. प्रॉटेस्टंट भाष्यकार या तिन्ही गोष्टी दाखवतात आणि त्या दाखवण्यात त्यांचे काही चुकत नाही. किंबहुना हा आक्षेप त्यांच्याही आधीचा आहे. १४३८ साली फेरारा येथे पूर्व आणि पश्चिम चर्चची एकीसाठी बोलणी सुरू झाली तेव्हा वादाला घेतलेला पहिला विषय शुद्धिस्थानच होता. लॅटिन बाजूने हे वचन पुढे केले. इफिससचा मार्क युजेनिकस याने उत्तर दिले की ग्रीक ही ज्याची मायबोली त्या संत जॉन क्रिसोस्तमने या वचनाचा अर्थ नरकाची कायमची आग असा केला आहे. ‘तारला जाईल’ म्हणजे जळून नाहीसा होणार नाही, शिक्षा भोगत टिकून राहील. हा अर्थ मला ओढूनताणून आणलेला वाटतो. पण ज्या वचनावर चर्चचे दोन मोठे गुरू इतके दूर उभे राहतात, ते एकट्याने सिद्धांताचा खांब होऊ शकत नाही. ऑगस्टीनने स्वतः याविषयी लिहिताना मरणानंतर असे काही घडणे अशक्य नाही, इतकेच जपून शब्द टाकले. नंतरच्या शिकवणाऱ्यांनी त्याचा हा जपून बोलण्याचा गुण पुरेसा घेतला नाही.

तरीही या वचनात एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती थोडी नाही. तारण आणि नुकसान एकाच माणसाच्या वाट्याला, एकाच वेळी, न्यायाच्या प्रसंगी येऊ शकतात. ख्रिस्ताच्या पायावर उभा असलेला माणूसही त्या आगीतून जातो आणि त्याला काही गमवावे लागते. ‘तारलेल्याला न्यायाच्या वेळी काहीच सोसावे लागत नाही’ असे ज्याला म्हणायचे आहे त्याला पौल इथे अडवतो. बेनेडिक्ट यांचे परिपत्रक या वचनाकडे वळते ते याच अर्थाने.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला अनेसिफरही इथे आठवला पाहिजे. रोममध्ये पौल बेड्यांत असताना हा माणूस लाज न बाळगता त्याला शोधत आला होता. पौल त्याच्या घरच्यांवर दया व्हावी म्हणतो, त्याच्याविषयी भूतकाळात बोलतो, ‘त्या दिवशी’ त्याला प्रभूकडून दया मिळो अशी इच्छा करतो, आणि पत्राच्या शेवटी सलाम पाठवतो तो पुन्हा फक्त त्याच्या घरच्यांना. अनेसिफर तोवर मरण पावला होता असे अनेक भाष्यकारांना वाटते, त्यांत प्रॉटेस्टंटही आहेत. तसे असेल तर मृतासाठी केलेली एक प्रार्थना नव्या करारात पौलाच्याच तोंडी आहे. पक्के सांगता येत नाही. पण माझ्या दृष्टीने मत्तयच्या दोन्ही वचनांपेक्षा हे वचन या विषयाच्या अधिक जवळ आहे.

आक्षेपाची खरी ताकद शुद्धिस्थान हा शब्द बायबलमध्ये न सापडण्यात नाही. ती इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. ख्रिस्ताने एकदाच अर्पण केले आणि त्या एका अर्पणाने पवित्र होत असलेल्यांना सर्वकाळासाठी पूर्ण केले, अशी त्या पत्राची शिकवण आहे. मग आणखी कसली फेड उरली? वधस्तंभावरच्या चोराला तर ‘आजच’ सुखलोकाचे वचन मिळाले. हा आक्षेप घेणारा माणूस ख्रिस्ताच्या रक्ताच्या पूर्णतेसाठी बोलत असतो, आणि त्याच्या या कळकळीपुढे कॅथलिक माणसाने आधी मान झुकवावी. नंतर तेच पत्र दोन अध्याय पुढे वाचावे: पवित्रतेवाचून कोणालाही प्रभूचे दर्शन होणार नाही, असे तिथे आहे. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात त्या नगरात अशुद्ध असे काहीही जाणार नाही, असे आहे. क्षमा मिळालेला, पण राग, हाव, आढ्यता अजून अंगात मुरलेली असताना मेलेला माणूस त्या दारातून आत जातो तेव्हा त्या मुरलेल्या गोष्टींचे काय होते? प्रॉटेस्टंट उत्तर देतो: देव त्या क्षणी त्याला पुरता बदलतो. कॅथलिक उत्तर देतो: देव त्याला बदलतो, आणि ते बदलणे सोसावे लागते. दोघांमधले अंतर सांगितले जाते तेवढे मोठे नाही.

क्षमेनंतरही काही उरते का, यासाठी मी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचायला सांगेन. उरीयाला मारवून त्याची बायको घेतलेल्या दावीदापुढे नाथान उभा राहतो. दावीद पाप कबूल करतो. नाथान त्याला तिथल्या तिथे सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच दमात सांगतो की मूल मरेल. क्षमा पूर्ण आहे, आणि परिणाम उरला आहे. हे याच जन्मात घडले, परलोकात नव्हे, असे कोणी म्हटले तर ते बरोबरच आहे. पण क्षमा झाली की सगळेच संपते, ही समजूत या पानावर टिकत नाही.

शास्त्राच्या पानांइतकीच, मला तर वाटते काही बाबतींत त्याहून बोलकी, साक्ष पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या वागण्याची आहे. फ्रिजियातल्या हिएरोपोलिसचा अबेर्कियस याने हयातीतच स्वतःसाठी कोरवून घेतलेल्या समाधिलेखात, हे समजणाऱ्याने अबेर्कियससाठी प्रार्थना करावी अशी विनंती आहे. हा लेख २१६ सालाआधीचा आहे. त्याचे तुकडे १८८३ साली विल्यम रॅमसे यांना सापडले आणि आज ते व्हॅटिकनच्या संग्रहात आहेत.

२०३ साली कार्थेजच्या तुरुंगात पर्पेच्युआ ही तरुण आई मृत्युदंडाची वाट पाहत होती. तिने रोजनिशीसारखे जे लिहून ठेवले त्यात तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातस आहे. चेहऱ्यावरच्या व्रणाने तो सातव्या वर्षी मेला होता. प्रार्थना करताना त्याचे नाव अचानक तिच्या तोंडी येते. त्या रात्री तिला तो दिसतो: अंधाऱ्या जागेतून बाहेर येणारा, मळका, तहानलेला, चेहऱ्यावर तोच व्रण. जवळ पाण्याने भरलेले कुंड आहे, पण त्याचा काठ मुलाच्या उंचीपेक्षा वर. तो टाचा उंचावतो, पोहोचत नाही. ती दिवसरात्र रडून त्याच्यासाठी प्रार्थना करते. काही दिवसांनी, पायांत खोडे असताना, तिला पुन्हा तेच ठिकाण दिसते. आता तिथे उजेड आहे, मुलगा स्वच्छ कपड्यांत आहे, व्रणाच्या जागी नुसता वण. कुंडाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला आहे. तो पोटभर पाणी पितो आणि लेकरांसारखा खेळायला पळतो. यावरून सिद्धांत ठरत नाही, दृष्टांत हा दृष्टांतच. पण शुद्धिस्थान हे नाव लॅटिनमध्ये रूढ होण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी एका शहीद बहिणीने मेलेल्या भावासाठी प्रार्थना केली आणि तिच्या मंडळीने ते लेखन जपून ठेवून वाचले, ही घटना आहे. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्या नावाचा जन्म बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवला. अनेकांनी त्यावरून श्रद्धाच बाराव्या शतकात जन्मली असे धरले. नाव आणि जागेची कल्पना उशिराची; प्रार्थना जुनी.

संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली ओस्तिया बंदरात मरण पावली. आपला देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांकडे मागितले. खुद्द ल्यूथरनेही १५२८ साली, शुद्धिस्थानावरचा विश्वास मावळत असताना, मृतासाठी खासगीत एकदोनदा प्रार्थना करणे पाप नाही असे लिहिले. दोन वर्षांनी त्याने शुद्धिस्थान उघडपणे नाकारले. त्याआधी टेट्झेलसारख्यांनी मृतांच्या नावाने माफीपत्रे विकून काय केले होते हे आठवले की त्याचा संताप समजतो. गरिबाच्या दुःखावर पैसा उभारणाऱ्यांनी या श्रद्धेचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही आक्षेपकाने केलेले नाही, आणि ट्रेंटच्या बिशपांना ते कळले होते.

तेव्हा माझे मत असे. शुद्धिस्थानाचा सिद्धांत तयार रूपात शास्त्रात कुठेही नाही. मृतांसाठी केलेली प्रार्थना आहे, तिला शाबासकी देणारा ग्रंथकार आहे, पवित्रतेवाचून दर्शन नाही ही अट आहे, आणि तारलेल्याच्याही कामाला लागणारी आग आहे. चर्चने आधी शतकानुशतके प्रार्थना केली आणि ही प्रार्थना खरी असेल तर मृतांची स्थिती काय असली पाहिजे, याचा विचार नंतर केला. स्वर्गात पोहोचलेल्याला तिची गरज नाही, नरकातल्याला तिचा उपयोग नाही. तिसरे काहीतरी आहे असे मानल्याशिवाय यहूदाच्या वर्गणीला, मोनिकेच्या मागणीला अर्थ राहत नाही. हा आधार शास्त्रातून निघतो, पण वाट प्रार्थनेतून जाते. ज्याला फक्त लिखित वचनच प्रमाण आहे त्याला तो अपुरा वाटेल, आणि त्याचे तसे वाटणे त्याच्या भूमिकेला धरूनच आहे.

पुढच्या प्रकरणांत हे सर्व उतारे त्यांच्या संदर्भासह दिले आहेत आणि प्रत्येकाखाली दोन्ही बाजूंचे म्हणणे शक्य तितके त्यांच्याच पद्धतीने मांडले आहे. क्रम माझा असला तरी तो पाळण्याची सक्ती नाही. पण सुरुवात मक्काबीच्या बाराव्या अध्यायापासून करावी, आणि घरच्या बायबलमध्ये तो नसेल तर शेजारच्या कॅथलिक घरातून मागून आणावा. करिंथकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना आगीच्या वचनावर उडी न मारता पहिल्या वचनापासून, मंडळीतल्या भांडणापासून वाचावा. आणि ज्यांच्याशी या विषयावर वाद होतो त्यांच्यासोबत बसून वाचता आला तर फार बरे होईल.